एक वॉलेट, अनेक नेटवर्क: टोकन सांभाळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन क्रिप्टो वॉलेट उघडणारे आणि काही वर्षं वापरून सरावलेले, दोघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणतं टोकन घ्यावं, भाव कुठे जाईल, याची चर्चा इथे नाही. हातात असलेलं टोकन हरवू नये, एवढ्यापुरतंच हे पान आहे. यातल्या बहुतेक अडचणी दोन गोष्टी नीट न पाहिल्यामुळे येतात: टोकन कोणत्या नेटवर्कवर, म्हणजे कोणत्या ब्लॉकचेनवर, आहे आणि त्याचा कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ते टोकन चालवणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम, कोणता आहे.

१. टोकन वॉलेट ॲपमध्ये साठवलेलं असतं का? फोन हरवला तर काय?

नाही. टोकनची नोंद ब्लॉकचेनवर असते: अमुक पत्त्यावर अमुक इतके टोकन. मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट, फँटम ही ॲप्स ती नोंद वाचून दाखवतात आणि ते टोकन हलवण्यासाठी लागणारी खासगी किल्ली सांभाळतात. फोन हरवला तरी वॉलेट उघडताना मिळालेली १२ किंवा २४ शब्दांची सीड फ्रेज तुमच्याकडे असेल, तर दुसऱ्या फोनवर सगळं परत उभं राहतं. ॲपचा पासवर्ड त्या एका फोनपुरताच असतो. तो आठवतो पण सीड फ्रेज लिहून ठेवलेली नाही, अशा माणसाचा फोन गेला की टोकनही गेले. हे वाचत असताना तुमची फ्रेज कागदावर नसेल, तर आधी ते काम उरका.

२. इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी चेन, सगळीकडे माझा पत्ता एकच दिसतो. मग नेटवर्क वेगळं असल्याने काय बिघडतं?

ही सगळी नेटवर्क्स इथेरियमच्याच धाटणीची आहेत आणि एकाच किल्लीतून एकाच पद्धतीने पत्ता काढतात, म्हणून पत्ता सारखा दिसतो. पण प्रत्येक नेटवर्कची खातेवही वेगळी. एकाच नावाने तुमची दोन बँकांत खाती असली, तरी एका बँकेतले पैसे दुसऱ्या बँकेच्या पासबुकात उमटत नाहीत, तसंच हे. पॉलिगॉनवरचे १०० यूएसडीटी (डॉलरच्या किमतीचं टोकन) इथेरियम निवडल्यावर शून्य दिसणार, यात घाबरण्यासारखं काही नाही.

नेटवर्क ओळखण्यासाठी प्रत्येकाला एक चेन आयडी असतो. इथेरियमचा १, ऑप्टिमिझमचा १०, बीएनबी स्मार्ट चेनचा ५६, पॉलिगॉनचा १३७, बेसचा ८४५३, आर्बिट्रम वनचा ४२१६१. नेटवर्क हाताने जोडायचं असेल तर नावापेक्षा हा आकडा जुळवा, कारण नाव कोणीही काहीही लिहू शकतं.

३. नुसता पत्ता बघून नेटवर्क ओळखता येतं का?

अर्धवट. 'झीरो-एक्स'ने सुरू होणारा आणि त्यापुढे ४० अक्षरं-आकडे असलेला पत्ता इथेरियमच्या कुटुंबातला. मात्र त्या कुटुंबातलं नेमकं कोणतं नेटवर्क, ते पत्त्यावरून कळत नाही. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी 'टी'ने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. बिटकॉइनचे नवे पत्ते 'बीसी१'ने सुरू होतात. सोलानाला ठरलेली सुरुवात नाही, ती ३२ ते ४४ अक्षरांची सरमिसळ असते. म्हणून पैसे मागवताना नुसता पत्ता पाठवू नका. सोबत नेटवर्कचं नाव लिहा.

४. समोरचा म्हणतो टोकन पाठवले, पण माझ्या वॉलेटमध्ये दिसत नाहीत. गेले कुठे?

त्याच्याकडून व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, मागून घ्या आणि त्या नेटवर्कच्या एक्सप्लोररवर, म्हणजे नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, टाका: इथेरियमसाठी इथरस्कॅन, बीएनबीसाठी बीएससीस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन, सोलानासाठी सोलस्कॅन. तिथे व्यवहार यशस्वी दिसतो आणि 'कोणाला' या रकान्यात तुमचाच पत्ता आहे, तर टोकन तुमचेच आहेत. प्रश्न फक्त दिसण्याचा आहे.

न दिसण्याची कारणं ठरलेली आहेत. वॉलेटमध्ये दुसरंच नेटवर्क निवडलेलं असतं, किंवा त्या टोकनची ॲपला ओळख नसते आणि ते हाताने जोडावं लागतं (प्रश्न ५). कधी वॉलेट ज्या सर्व्हरकडून माहिती घेतं, तो आरपीसी सर्व्हरच बंद पडलेला असतो आणि शिल्लक शून्य किंवा जुनीच दिसत राहते. एक्सप्लोरर आणि वॉलेट यांचं जुळत नसेल, तर एक्सप्लोररवर विश्वास ठेवा.

एक्सप्लोररवर हॅशच सापडत नसेल, तर पाठवणाऱ्याला नेटवर्क पुन्हा विचारा. एक्स्चेंजमधून (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावरून) पाठवलं असेल तर बऱ्याचदा ते अजून तपासणीत अडकलेलं असतं, बाहेर पडलेलंच नसतं.

५. टोकन हाताने जोडताना कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस कुठून घ्यायचा? नावाने शोधलं तर चालणार नाही का?

नावाने शोधू नका. टोकनचं नाव, चिन्ह, लोगो यांची नक्कल कोणीही करू शकतं. 'यूएसडीटी' नावाचं टोकन तुम्ही-मी आज संध्याकाळी काढू शकतो. नक्कल होत नाही ती कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेसची. तो टोकन काढणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या पानावरून घ्या आणि एक्सप्लोररवर टाकून धारक किती, व्यवहार किती, हे बघा. जुन्या, मोठ्या टोकनला लाखो धारक असतात. चार दिवसांच्या नकलेला ते जमत नाही.

ॲड्रेस टाकला की चिन्ह आणि दशांश आपोआप भरले जातात. दशांशाचा आकडा तुम्ही बदलू नका. इथेरियमवरच्या यूएसडीटीला ६ दशांश आहेत, तर बीएनबी स्मार्ट चेनवरच्या यूएसडीटीला १८. तिथे ६ घातलं, तर वॉलेटमध्ये १ टोकनच्या जागी १ लाख कोटी दिसतील. टोकनला त्याने काही होत नाही, पण बघणाऱ्याची मात्र गाळण उडते.

यादीतून टोकन काढलं किंवा लपवलं तर ते नष्ट होत नाही. पुन्हा जोडा, पुन्हा दिसेल.

६. खात्यात ५०० यूएसडीटी आहेत, तरी 'गॅससाठी पुरेशी शिल्लक नाही' असं येतं. यूएसडीटीतूनच फी कापून घेता येत नाही का?

सर्वसाधारणपणे नाही. प्रत्येक नेटवर्क आपली फी स्वतःच्या नाण्यातच घेतं: इथेरियमवर ईथर, बीएनबी चेनवर बीएनबी, पॉलिगॉनवर पीओएल, ट्रॉनवर टीआरएक्स, सोलानावर सोल. काही वॉलेट्स आता काही नेटवर्क्सवर टोकनमधून फी घेण्याची सोय देतात, पण ती प्रत्येक ठिकाणी असेल असं धरून चालू नका.

सगळ्यांत जास्त गोंधळ आर्बिट्रम, ऑप्टिमिझम आणि बेस यांवर होतो. तिथेही फी ईथरमध्येच लागते, पण ते ईथर त्याच नेटवर्कवर असावं लागतं. इथेरियमवर पडलेलं ईथर आर्बिट्रमवर उपयोगाचं नाही.

ट्रॉनचा हिशेब जरा निराळा आहे. तिथे 'एनर्जी' आणि 'बँडविड्थ' खर्च होते आणि ती जवळ नसेल तर टीआरएक्स जळतं. ज्या पत्त्यावर आधी एकही यूएसडीटी नाही, त्याला यूएसडीटी पाठवायला साधारण दुप्पट एनर्जी लागते. एकच रक्कम दोन मित्रांना पाठवली आणि फी वेगवेगळी लागली, तर त्याचं कारण बहुधा हेच.

वापरात असलेल्या प्रत्येक नेटवर्कवर तिथलं थोडं नाणं कायम ठेवा. नाणंच पाठवत असाल, तर 'मॅक्स' दाबून खातं रिकामं करू नका. नंतर आलेले टोकन हलवायला फी उरत नाही.

७. एक्स्चेंजमधून काढताना चार-पाच नेटवर्क्स दिसतात. स्वस्त आहे तेच निवडू का?

आधी घेणाऱ्याकडे ते नेटवर्क चालतं का, ते बघा. स्वस्त-महाग हा त्यानंतरचा विचार. घेणारं वॉलेट तुमचंच असेल तर त्यात ते नेटवर्क उघडून 'रिसीव्ह' दाबा आणि तिथे आलेला पत्ता घ्या. घेणारं दुसरं एक्स्चेंज असेल, तर त्याच टोकनच्या जमा करण्याच्या पानावर नेमकं तेच नेटवर्क असायला हवं. एक्सआरपीसारख्या नाण्यांना पत्त्यासोबत टॅगही लागतो. एक्स्चेंजच्या एकाच पत्त्यावर हजारो ग्राहकांचे पैसे येतात आणि कोणाचे कोणते हे टॅगवरूनच कळतं.

मोठ्या रकमेआधी थोडे टोकन पाठवून बघा. ते पोचले की उरलेले पाठवा. पण तेव्हा पत्ता कुठून उचलता हेही तितकंच महत्त्वाचं आहे (प्रश्न १२).

८. चुकीच्या नेटवर्कवर पाठवले. परत मिळतील का?

पाठवले कुठे, यावर सगळं अवलंबून आहे.

स्वतःच्याच वॉलेटवर पाठवले आणि दोन्ही नेटवर्क्स इथेरियमच्या कुटुंबातली असतील, तर काहीही गेलेलं नाही. समजा, इथेरियमवर हवे होते आणि बीएनबी चेनवर गेले. पत्ता तोच, किल्ली तीच. वॉलेटमध्ये बीएनबी चेन निवडा, टोकन जोडा, फीपुरतं बीएनबी आणा आणि हलवा.

एक्स्चेंजच्या पत्त्यावर पाठवले, तर किल्ली तुमच्याकडे नाही, एक्स्चेंजकडे आहे. काढून देणं त्यांच्या हातात असतं आणि ते देतीलच असं नाही. काही जण शुल्क घेऊन देतात, काही ठरावीक रकमेच्या खाली हात लावत नाहीत. हॅश, नेटवर्क, टोकनचा कॉन्ट्रॅक्ट आणि रक्कम लिहून त्यांच्या अधिकृत मदत कक्षाकडे तक्रार नोंदवा आणि थांबा.

टोकनच्या स्वतःच्या कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेसवर पाठवले असतील, तर जवळजवळ नक्कीच गेले. 'कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस' आणि 'माझा पत्ता' यांची गल्लत करणारे दर महिन्याला भेटतात आणि त्यांना हे सांगणं सगळ्यांत जड जातं. प्रश्न ५ मधला ॲड्रेस टोकन ओळखण्यासाठी आहे, पैसे पाठवण्यासाठी नव्हे.

या तिन्हींत आणखी एक धोका आहे. अडचण सार्वजनिक ठिकाणी मांडलीत की 'आम्ही परत काढून देतो' म्हणणारे संदेश येतात. सीड फ्रेज किंवा आगाऊ फी मागणारा प्रत्येक जण चोर आहे, याला अपवाद नाही. तुमचं वॉलेट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर चालणारं असेल, तर वरचा पहिला दिलासाही लागू होत नाही. त्याबद्दल प्रश्न १८ मध्ये.

९. आर्बिट्रमवर 'यूएसडीसी' आणि 'यूएसडीसी.ई' अशी दोन टोकन दिसतात. खरं कोणतं?

दोन्ही खरी, पण वेगवेगळी. 'यूएसडीसी' हे सर्कल कंपनीने थेट त्या नेटवर्कवर काढलेलं. 'यूएसडीसी.ई' हे इथेरियमवरचं यूएसडीसी ब्रिजमध्ये (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर टोकन नेणाऱ्या सेवेत) अडकवून त्याबदल्यात दिलेलं. आर्बिट्रमवर थेट यूएसडीसी २०२३ मध्ये आलं, त्याआधीचं सगळं ब्रिजचं होतं. एक्स्चेंजमध्ये जमा करताना हा फरक कळीचा ठरतो, कारण अनेक जण फक्त थेट काढलेलंच स्वीकारतात. 'ई'वालं असेल तर ते आधी विश्वासू ठिकाणी स्वॅप करून, म्हणजे बदलून, घ्या.

बीएनबी स्मार्ट चेनवरचं यूएसडीटीही टेदर कंपनीने काढलेलं नाही. तिथे बायनान्स एक्स्चेंजने मूळ यूएसडीटीच्या बदल्यात दिलेलं, म्हणजे मूळ टोकनशी बांधलेलं रूप चालतं.

१०. एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर टोकन न्यायचे कसे? किती वेळ लागतो?

ब्रिजने, किंवा एक्स्चेंजमध्ये एका नेटवर्कवरून जमा करून दुसऱ्यावरून काढून. लहान रकमेला दुसरा मार्ग अनेकदा सोपा पडतो.

आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांच्या अधिकृत ब्रिजने इथेरियमकडे परत यायला साधारण ७ दिवस लागतात. कोणी खोटा व्यवहार घुसवला असेल तर हरकत घ्यायला तेवढी मुदत ठेवलेली असते. मुदत संपल्यावर इथेरियमवर 'क्लेम'चा आणखी एक व्यवहार करावा लागतो आणि त्याची फी वेगळी. सात दिवस झाले, पैसे आले नाहीत, असं कोणी म्हणालं की बहुतेक वेळा हा क्लेमच राहिलेला असतो. इतर ब्रिज काही मिनिटांत पैसे देतात, पण त्यात तुम्ही त्या ब्रिजच्या सुरक्षिततेवर विसंबता. २०२२ साली फेब्रुवारीत वर्महोलमधून १ लाख २० हजार रॅप्ड ईथर (ईथरचं बांधलेलं रूप) गेले, मार्चमध्ये रोनिनमधून ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. ब्रिजवर टोकन न्या, पण बांधलेल्या रूपात मोठी रक्कम महिनोन्‌महिने ठेवू नका.

११. व्यवहार तासभर 'पेंडिंग' आहे आणि त्यानंतरचेही अडकलेत. काय करू?

इथेरियमच्या कुटुंबात प्रत्येक पत्त्याच्या व्यवहारांना क्रमांक असतो, त्याला नॉन्स म्हणतात. ७ नंबरचा पुढे सरकत नाही तोवर ८ नंबरचा जाणार नाही. म्हणून सगळ्यांत जुना अडकलेला शोधून त्यावर 'स्पीड अप' किंवा 'कॅन्सल' करा. कॅन्सल म्हणजे त्याच क्रमांकाचा, जास्त फीचा, स्वतःलाच शून्य रक्कम पाठवणारा व्यवहार. तो आधी नोंदला गेला की पहिला बाद होतो. एकदा व्यवहार पक्का झाला की कॅन्सल नाही.

१२. नेहमीच्याच माणसाला पाठवायचे होते, म्हणून इतिहासातून पत्ता कॉपी केला. त्यात काय धोका?

मोठा धोका आहे. तुम्ही कोणाला पैसे पाठवता हे ब्लॉकचेनवर सगळ्यांना दिसतं. चोर त्या पत्त्यासारखी सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता बनवतात आणि त्यावरून तुमच्याकडे शून्य किंवा किरकोळ रकमेचा व्यवहार करतात. तो तुमच्या इतिहासात सगळ्यांत वर येऊन बसतो. वॉलेट मधली अक्षरं गाळून दाखवतं, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात.

मे २०२४ मध्ये एकाने असं केलं. खऱ्या पत्त्यावर आधी थोडं ईथर पाठवून खात्री केली. चोराने लगेच नकली पत्त्यावरून व्यवहार घुसवला आणि त्या माणसाने पुढच्या वेळी तो पत्ता उचलून १,१५५ रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर, पाठवून दिले. पुढे वाटाघाटी होऊन बहुतांश रक्कम परत आली, पण हे नशीब अपवादात्मक होतं. म्हणजे चाचणीचा व्यवहार करूनही माणूस फसू शकतो.

पत्ते ॲपच्या ॲड्रेस बुकमध्ये नाव देऊन ठेवा आणि तिथूनच घ्या. मोठ्या रकमेला मधली अक्षरंही वाचा.

१३. मी न मागता कुठलं तरी टोकन आलंय आणि त्याची किंमत हजारो डॉलर दाखवतंय. विकू का?

हात लावू नका. टोकन तुमच्या पत्त्यावर येणं थांबवता येत नाही आणि नुसतं आल्याने तुमचं काही जात नाही. नुकसान पुढच्या पायरीवर होतं: टोकनच्या नावातच एखादी साइट लिहिलेली असते, तिथे विकायला गेलात की ती तुमच्या खऱ्या टोकनचं अप्रूव्हल, म्हणजे ते उचलायची मुभा, मागते (प्रश्न १४). लपवा आणि विसरा.

१४. अप्रूव्हल म्हणजे काय? साइट 'डिस्कनेक्ट' केली की ते जातं ना?

जात नाही, आणि हा गैरसमज फार महाग पडतो. डिस्कनेक्ट केल्यावर साइटला तुमचा पत्ता दिसेनासा होतो, एवढंच. अप्रूव्हल ब्लॉकचेनवर नोंदलेलं असतं: 'या कॉन्ट्रॅक्टला माझ्या पत्त्यावरून इतके टोकन उचलायची मुभा आहे.' साइट बंद केली, ॲप काढून टाकलं, फोन बदलला, तरी ती मुभा कायम राहते.

स्वॅप करताना वॉलेट खर्चाची मर्यादा विचारतं. अनेक साइट तिथे 'अमर्याद' भरून ठेवतात. १०० यूएसडीसी बदलायचे असतील तर तो आकडा पुसून १०० लिहा. पुढच्या वेळी पुन्हा अप्रूव्हलची फी पडेल, पण ती परवडते. जुनी अप्रूव्हल्स इथरस्कॅनच्या टोकन अप्रूव्हल पानावर किंवा रिव्होक डॉट कॅशवर दिसतात आणि रद्द करता येतात. प्रत्येक नेटवर्कची वेगळी तपासावी लागतात आणि रद्द करायलाही फी लागते.

फी न लागणारी सही निरुपद्रवी असते, असंही समजू नका. 'परमिट' प्रकारची सही फी न घेता टोकन उचलायची मुभा देते. सहीच्या चौकटीत 'स्पेंडर' आणि रक्कम दिसली, तर ते अप्रूव्हलच समजा.

१५. तीच सीड फ्रेज दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकली, पण शिल्लक शून्य. फ्रेज चुकली का?

फ्रेज चुकली असती तर बहुतेक वेळा वॉलेटने ती घेतलीच नसती, कारण शेवटच्या शब्दात पडताळणी दडलेली असते. कारण बहुधा वेगळं असतं: एका फ्रेजमधून असंख्य पत्ते निघतात आणि कोणत्या वाटेने काढायचे हे प्रत्येक ॲप आपल्या पद्धतीने ठरवतं. लेजर या हार्डवेअर वॉलेटच्या ॲपमधलं आणि मेटामास्कमधलं पहिलं इथेरियम खातं जुळतं, दुसऱ्यापासून पुढे जुळत नाही. सोलानातही हेच होतं. ॲपच्या सेटिंगमध्ये 'डेरिव्हेशन पाथ' बदलून बघा, किंवा जुन्या ॲपमध्येच पुन्हा फ्रेज टाकून टोकन नव्या पत्त्यावर पाठवा.

१६. माझे मॅटिक कुठे गेले?

४ सप्टेंबर २०२४ पासून पॉलिगॉन नेटवर्कवरचं मॅटिक आपोआप पीओएल झालं, एकास एक. इथेरियमवर ठेवलेलं मॅटिक मात्र आपोआप बदललेलं नाही. ते तुम्हाला अधिकृत पोर्टलवर बदलून घ्यावं लागतं.

१७. नेटवर्क बदललं किंवा स्वॅप केलं, तर कर लागतो का?

भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर अधिभार-उपकर. तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही आणि गॅसची फीही खर्च म्हणून धरली जात नाही, फक्त खरेदीची किंमत धरली जाते. एक टोकन देऊन दुसरं घेणं, म्हणजे स्वॅप, हेही हस्तांतरण समजलं जातं, रुपये हातात आले नाहीत तरी. स्वतःच्या एका पत्त्यावरून स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं ही विक्री नाही. पण ते दोन्ही पत्ते तुमचेच आहेत हे दाखवता यायला हवं. प्रत्येक व्यवहाराची तारीख, हॅश आणि त्या दिवशीची रुपयांतली किंमत लिहून ठेवा. ब्रिजच्या बांधलेल्या टोकनबद्दल आपल्या सीएला विचारा.

फसवणूक झाली असेल, तर १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार लगेच करा. त्या तक्रारीतही याच नोंदी लागतात.

१८. माझं वॉलेट मल्टिसिग आहे. इथेरियमवरचा पत्ता दुसऱ्या नेटवर्कसाठी दिला तर चालेल ना?

तपासल्याशिवाय देऊ नका. साध्या वॉलेटचा पत्ता किल्लीतून निघतो, म्हणून तो सगळीकडे तुमचाच (प्रश्न २). मल्टिसिग, म्हणजे एकाहून जास्त सह्यांनी चालणारं वॉलेट, हा मात्र एक कॉन्ट्रॅक्ट असतो आणि तो ज्या नेटवर्कवर उभारला तिथेच असतो. दुसऱ्या नेटवर्कवर त्या पत्त्यावर काहीच नसतं, किंवा दुसऱ्याच कोणाचं काही असू शकतं.

जून २०२२ मध्ये नेमकं हेच घडलं. ऑप्टिमिझमने विंटरम्यूट या कंपनीला २ कोटी ओपी टोकन द्यायचे ठरवले. कंपनीने आपल्या इथेरियमवरच्या मल्टिसिगचा पत्ता दिला, पण ऑप्टिमिझमवर तो उभारलेलाच नव्हता. हे लक्षात आल्यावर दुरुस्ती होण्याआधी एका तिऱ्हाइताने त्याच पत्त्यावर स्वतःचा कॉन्ट्रॅक्ट उभा केला आणि टोकन ताब्यात घेतले. नंतर त्यातले बहुतांश परत आले.

तुमच्या मल्टिसिगचा पत्ता त्या नेटवर्कच्या एक्सप्लोररवर टाका. तिथे 'कॉन्ट्रॅक्ट' असा टॅब दिसतो का आणि सह्या करणारे तेच आहेत का, ते बघा. टॅब नसेल तर त्या नेटवर्कवर आधी वॉलेट उभारा. मगच पत्ता द्या.